उन्हाळ्यापूर्वी वातानुकूलन यंत्राची निगा

(आमली परिसरातील नागरिक, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पावसाळा तोंडावर आला म्हणजे शेतकरी घरावरील कौले चाळून घेतो, बांध नीट करतो, अवजारांना धार लावून घेतो. पहिला पाऊस पडल्यावर ही कामे काढणारा माणूस गावात शहाणा समजला जात नाही. परंतु घरातील व कचेरीतील यंत्रांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा नेमके उलटे घडते. एप्रिल महिन्यात अंगाची लाही होऊ लागली म्हणजे वातानुकूलन यंत्र, ज्याला सर्वत्र एसी म्हणतात, ते प्रथमच चालू केले जाते; ते गार हवा देत नाही असे आढळते; आणि मग कारागिराचा शोध सुरू होतो. त्या वेळी सर्व कारागीर कामात गुंतलेले असतात, दर चढलेले असतात आणि कामही घाईने उरकले जाते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय.

सिल्वासा परिसरातील आमली हे गाव २ ऑगस्ट १९५४ रोजी दादरा व नगर हवेली मुक्त झाली त्या वेळी एक लहानशी वस्ती होते. १९६५ साली पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे १९७८ मध्ये मसाट येथे व १९८२ मध्ये खडोली येथे शासकीय वसाहती झाल्या. कारखान्यांबरोबर वस्ती वाढली, पक्की सिमेंटची घरे आली आणि त्या घरांबरोबर विजेची उपकरणेही आली. कुडाच्या भिंती व कौलारू किंवा गवती छपराच्या घराला यंत्राची गरज कधी भासली नाही. सिमेंटचे छत मात्र दिवसभर तापते व रात्री ती उष्णता खोलीत सोडते. त्यामुळे आज वातानुकूलन यंत्र ही केवळ श्रीमंतांच्या हौसेची वस्तू राहिलेली नाही. बँका, कचेऱ्या, दवाखाने, शाळांतील संगणक-कक्ष आणि अनेक मध्यमवर्गीय घरे यांत ते दिसते. म्हणून त्याच्या निगेचा विचार सर्वांनीच करणे अगत्याचे झाले आहे.

यंत्राचे कार्य

निगा का घ्यावयाची हे समजण्यासाठी यंत्र काय करते हे प्रथम समजले पाहिजे. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करते हा सार्वत्रिक समज बरोबर नाही. ते खोलीतील उष्णता उचलते आणि घराबाहेर नेऊन टाकते. भिंतीवरील आतल्या भागात तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे वेटोळे असते. कारागीर त्याला कॉइल म्हणतात. त्या नळ्यांतून एक विशिष्ट द्रव वाहतो. खोलीतील हवेची उष्णता शोषून त्या द्रवाची वाफ होते. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो. दाबल्याने ती अधिक गरम होते. बाहेरील भागातील वेटोळ्यात तिच्यावर पंख्याचा वारा घेतला जातो, तिची उष्णता बाहेरच्या हवेत जाते व तिचा पुन्हा द्रव होतो. हाच फेरा अखंड चालू राहतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, आतल्या वेटोळ्यावरून व बाहेरच्या वेटोळ्यावरून हवा मोकळेपणाने वाहिली पाहिजे. या दोन वाटांपैकी कोणतीही एक वाट धुळीने अडली, तर यंत्र कितीही किमतीचे असले तरी त्याचे काम मंदावते आणि वीज मात्र तेवढीच किंवा त्याहून अधिक खर्च होते. दुसरी गोष्ट अशी की, नळ्यांतील द्रव, ज्याला व्यवहारात गॅस म्हणतात, तो फेऱ्यातच फिरत राहतो. तो पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर निगेचे बहुतेक सर्व नियम आपोआप उलगडतात.

यंत्राचे दुसरे कार्य हवेतील ओलावा कमी करणे हे आहे. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर या अभियंत्याने ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली, तीही माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेने कागद फुगत असे व रंगांची छपाई बिघडत असे. तो दमटपणा आवरणे हा तिचा उद्देश होता. आमलीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. येथे वर्षाकाठी सरासरी २०० ते २५० सेंटिमीटर पाऊस पडतो. दमणगंगेचे खोरे, मधुबन धरणाचा जलाशय आणि फार दूर नसलेला समुद्र यांमुळे उन्हाळ्यातही हवेत दमटपणा असतो. घाम वाळत नाही म्हणून जीव कासावीस होतो. हा ओलावा यंत्राच्या आतल्या गार वेटोळ्यावर पाण्याच्या रूपाने जमतो आणि नळीवाटे बाहेर जातो. दीड टनाच्या यंत्रातून दमट दिवसांत ताशी एक ते दोन लिटर पाणी निघू शकते. इतके पाणी वाहून नेणारी नळी तुंबली तर ते भिंतीवर, गादीवर किंवा विजेच्या जोडणीवर उतरणार हे उघड आहे.

काम केव्हा करावे

आमलीसारख्या ठिकाणी वर्षातून दोनदा संपूर्ण साफसफाई करावी: एकदा उन्हाळ्यापूर्वी व एकदा पावसाळा संपल्यावर. उन्हाळ्यापूर्वीच्या कामासाठी फेब्रुवारी महिना उत्तम. फार तर शिमग्यापर्यंत ते उरकावे. दिवाळीपासून यंत्र बहुधा बंद असते. त्या तीन-चार महिन्यांत रस्त्यावरील वाहनांची व बांधकामांची धूळ बाहेरील भागाच्या पातळ पत्र्यांत साचते. बंद यंत्रात पाली शिरतात आणि आतील विद्युत्-फलकावर चिकटून तो निकामी करतात. उंदीर तारांचे आवरण कुरतडतात. कबुतरे व साळुंक्या बाहेरील भागाच्या मागे काड्या जमवतात. घरट्यात अंडी किंवा पिले असल्यास ती उडून जाईपर्यंत थांबणे हेच माणुसकीला धरून होईल. परंतु वेळेवर पाहणी केली तर घरटे बांधले जाण्यापूर्वीच जागा स्वच्छ करता येते.

घरच्या माणसांनी करावयाची कामे

पुढील कामांना कारागिराची आवश्यकता नाही. मात्र प्रत्येक कामापूर्वी केवळ दूरनियंत्रकाने यंत्र बंद करून भागणार नाही. भिंतीवरील मुख्य बटण किंवा एम.सी.बी. बंद करणे हा पहिला नियम आहे.

पहिले काम जाळ्यांचे, म्हणजे फिल्टरचे. आतल्या भागाचे झाकण उचलले म्हणजे दोन जाळ्या सहज निघतात. त्यांवरील धूळ आधी झटकावी व नंतर साध्या पाण्याच्या धारेखाली, धूळ बसलेल्या बाजूच्या उलट बाजूने, त्या धुवाव्यात. कडक पाणी, तीव्र साबण किंवा तारेचा ब्रश वापरू नये. जाळ्या सावलीत पूर्ण वाळवून मगच बसवाव्यात. ओल्या जाळीवर बुरशी धरते आणि तिचा वास खोलीभर पसरतो. उन्हाळ्यात यंत्र रोज चालत असेल तर हे काम दर पंधरा दिवसांनी करावे. कोंदलेली जाळी स्वच्छ केल्याने विजेचा वापर ५ ते १५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा निष्कर्ष आहे. दहा मिनिटांच्या व बिनखर्चाच्या कामाचा एवढा लाभ अन्यत्र क्वचितच मिळेल.

दुसरे काम बाहेरील भागाच्या परिसराचे. त्याच्यासमोर कपडे वाळत घालणे, त्याला टेकून अडगळ ठेवणे किंवा पावसापासून बचाव म्हणून चारही बाजूंनी पत्रा ठोकणे या गोष्टी सर्रास आढळतात. त्यामुळे बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा यंत्रातच ओढली जाते. वरून सावली असण्यास हरकत नाही. बाजू मात्र मोकळ्या असाव्यात. गरम हवेचा झोत शेजाऱ्याच्या खिडकीवर किंवा वाटसरूच्या तोंडावर जाणार नाही, हेही पाहिले पाहिजे. स्वतःच्या घरातील उष्णता दुसऱ्याच्या घरात लोटणे हे शेजारधर्मास शोभत नाही.

तिसरे काम पाण्याच्या नळीचे. ती सर्वत्र उताराची असावी, तिला मध्येच वाक किंवा फुगवटा नसावा आणि तिचे टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडलेले नसावे. निघणारे पाणी झाडांना घालण्यास किंवा फरशी पुसण्यास उपयोगी पडते. ते पिण्यास योग्य नाही; धातूच्या वेटोळ्यावरील धूळ व जंतू त्यात उतरलेले असतात.

चौथे काम चाचणीचे. वरील साफसफाई झाल्यावर यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालवून पाहावे. आत जाणारी हवा व बाहेर येणारी हवा यांच्या तापमानात साधारणतः ८ ते १२ अंशांचे अंतर असेल तर यंत्र ठीक आहे असे समजावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील साध्या तापमापकानेही ही परीक्षा घेता येते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमोर ती करून दाखविल्यास बाष्पीभवन व द्रवीभवन हा धडा पुस्तकाबाहेर येईल. खडखडाट, जळका वास किंवा बटण वारंवार पडणे यांपैकी काहीही आढळल्यास मात्र यंत्र तत्काळ बंद करावे.

कारागिराची कामे व गॅसचा प्रश्न

वेटोळी दाबाच्या पाण्याने धुणे, पंख्याचे पाते काढून साफ करणे, विजेच्या जोडण्या घट्ट करणे, कपॅसिटर तपासणे व वीजप्रवाह मोजणे ही कामे प्रशिक्षित कारागिराचीच आहेत. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युत्-भार शिल्लक राहतो आणि त्याचा जोराचा झटका बसू शकतो. म्हणून हौसेने झाकण उघडून आत हात घालणे धोक्याचे आहे.

याच प्रसंगी ग्राहकाला एक वाक्य हमखास ऐकू येते: गॅस कमी झाला आहे, भरावा लागेल. पुष्कळ घरांत दर उन्हाळ्यात गॅस भरण्याचा खर्च धान्याच्या बेगमीप्रमाणे ठरलेला असतो. वर सांगितल्याप्रमाणे गॅस जळत नाही व संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजविल्याशिवाय वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. याउलट, अनेकदा गॅस पुरेसा असतो आणि खोली थंड न होण्याचे कारण कोंदलेली जाळी किंवा मळलेले बाहेरचे वेटोळे हेच असते. अशा वेळी गॅस भरणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एवढेच नव्हे, तर जरुरीपेक्षा अधिक भरलेला गॅस कॉम्प्रेसरवर ताण आणतो.

म्हणून क्रम असा असावा: आधी साफसफाई, मग चाचणी, मग वीजप्रवाहाचे व दाबाचे मोजमाप, आणि ही सर्व लक्षणे तसे दर्शवीत असतील तरच गळतीचा शोध. गळती बुजविल्यावर नळ्यांतील हवा व ओल निर्वात-पंपाने काढून मगच गॅस वजन करून भरला पाहिजे. कोणता गॅस व किती, हे यंत्राच्या नामफलकावर छापलेले असते. पावतीवर गॅसचा प्रकार व वजन लिहून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येण्याचे कारण नाही.

गॅस हवेत सोडून देणेही योग्य नाही. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थरास अपाय करतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला व त्यानुसार हा वायू टप्प्याटप्प्याने बंद केला जात आहे. नव्या यंत्रांतील आर-३२ ओझोनला अपाय करीत नाही, परंतु वातावरण तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डाय-ऑक्साइडच्या कित्येक शेपट आहे; शिवाय तो काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे. काही यंत्रांत वापरला जाणारा आर-२९०, म्हणजे प्रोपेन, तर सहज पेटणारा आहे. अशा यंत्राजवळ विडी पेटविणे किंवा नळ्या रिकाम्या केल्याशिवाय झाळकाम करणे हे अपघाताला आमंत्रण आहे. जुन्या यंत्रात दुसऱ्याच जातीचा गॅस भरून वेळ मारून नेण्याचा प्रकारही याच कारणास्तव टाळावा.

कामगाराच्या जिवाची काळजी

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू पैशाची नाही. बाहेरील भाग पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर, लोखंडी कोनांवर टांगलेला असतो. तेथे पोहोचण्यासाठी एखादा तरुण मदतनीस अरुंद सज्जावर, एका हाताने खिडकीचा गज धरून उभा राहतो. अशा कामात पडून किंवा विजेचा धक्का बसून तरुण मृत्युमुखी पडल्याच्या बातम्या देशातील अनेक शहरांतून येत असतात. हे तरुण बहुधा खेड्यापाड्यांतून रोजगारासाठी आलेले असतात आणि त्यांच्या मिळकतीवर मागे एक घर चाललेले असते. घरमालकाने आपली जबाबदारी झटकून टाकू नये. कमरपट्टा व दोर यांशिवाय उंचावरील काम करू देऊ नये, काम चालू असताना मुख्य बटणापाशी जाणते माणूस उभे करावे, आणि लोखंडी कोन व त्यांचे खिळे गंजले असल्यास यंत्राच्या सफाईआधी ते बदलावेत. शक्य असेल तेथे बाहेरील भाग गच्चीवर किंवा हात पोहोचेल अशा जागी बसविणे हाच खरा उपाय होय.

गळती पाहण्यासाठी नळ्यांत ऑक्सिजन भरण्याची पद्धत काही अशिक्षित हातांत अजून आढळते. कॉम्प्रेसरमधील तेल व दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आल्यास भयंकर स्फोट होतो. या कामासाठी कोरडा नायट्रोजनच वापरावयाचा असतो. ऑक्सिजनची नळकांडी घेऊन कोणी आल्यास त्याला नम्रपणे परत पाठवावे.

घरातील वीजजोडणीबाबतही तडजोड नको. यंत्राला स्वतंत्र तार, स्वतंत्र एम.सी.बी. व खात्रीचे अर्थिंग असावे. दीड टनाच्या यंत्रासाठी सामान्यतः ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरतात. लांबविलेल्या बोर्डावर किंवा पंख्याच्या जोडणीवर यंत्र चालविल्यास तार तापून आग लागू शकते. गळका वीजप्रवाह तोडणारे, ३० मिलिअँपिअर क्षमतेचे सुरक्षा-उपकरण बसविणे खर्चाचे असले तरी एका जिवाच्या मानाने ते स्वस्तच आहे.

वीज व वापर

यंत्र स्वच्छ ठेवले तरी ते विवेकाने वापरले नाही तर बचत होणार नाही. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली येतात. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे सांगणे आहे. या हिशेबाने २० ऐवजी २४ अंश ठेवणाऱ्या घरात विजेचा पाचवा हिस्सा तरी वाचतो. यंत्र ताशी दीड युनिट घेते व रोज आठ तास चालते असे धरल्यास महिन्याचे ३६० युनिट होतात; त्यांतील पाचवा हिस्सा ७२ युनिट होय. २६ अंशांवर यंत्र व सोबत मंद पंखा असेल तर बहुतेकांना सुखाची झोप लागते. १६ अंशांवर लावल्याने खोली लवकर थंड होते हा समज भ्रामक आहे. साधे यंत्र त्याच गतीने काम करते, फक्त थांबत नाही.

आणखी एक सूचना जिवाशी निगडित आहे. घरगुती यंत्रे सामान्यतः बाहेरची ताजी हवा आत आणीत नाहीत. आतलीच हवा ती पुन्हा पुन्हा फिरवितात. म्हणून बंद खोलीत शेगडी, निखारे किंवा जनित्र कधीही चालवू नये. सकाळी दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी.

शाळा व कचेऱ्या

सार्वजनिक इमारतींत यंत्र सर्वांचे असते आणि म्हणून पुष्कळदा कोणाचेच नसते. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक यंत्राला क्रमांक द्यावा आणि एका वहीत बसविल्याची तारीख, गॅसचा प्रकार, जाळी धुतल्याची तारीख, दुरुस्ती व खर्च यांची नोंद ठेवावी. एकाच यंत्रात दोन वर्षांत दोनदा गॅस भरला गेला असेल तर ही वही ते लपवू देणार नाही. देखभालीचा वार्षिक करार केलेला असल्यास त्यात वेटोळी धुणे व वीजप्रवाह मोजणे समाविष्ट आहे की नाही, हे कार्यालयप्रमुखांनी पाहावे. फेब्रुवारीतच पाहणी झाली तर खर्चाची मंजुरीही आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी घेता येते.

ज्यांच्या घरी असे यंत्र नाही, त्यांनाही या विषयाशी काहीच कर्तव्य नाही असे नव्हे. गावातील तरुणाने हे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रीतसर शिकून घेतले तर त्याला चांगला व्यवसाय मिळतो आणि गावाला विश्वासू कारागीर मिळतो. छताला पांढरा चुना, खिडकीबाहेर सावली आणि अंगणात झाड हे उपाय यंत्र असलेल्या व नसलेल्या दोन्ही घरांना लागू आहेत. जे घर मुळातच कमी तापते, तेथे यंत्रालाही कमी राबावे लागते.

सारांश, जाळी घरच्या माणसाने धुवावी, वेटोळी जाणत्या कारागिराने धुवावीत, गॅसचा हिशेब पावतीवर घ्यावा आणि उंचावर चढणाऱ्याच्या कमरेला दोर आहे की नाही हे मालकाने स्वतः पाहावे. फेब्रुवारीतील एका दिवसाचे हे काम आहे. ते वेळेवर केले तर उन्हाळ्यातील दोन महिने घर, शाळा व कचेरी यांत स्वस्थता राहील आणि कोणाच्याही घरातला मिळवता मुलगा आपल्या गारव्यापायी जायबंदी होणार नाही.